न भरलेली चूळ

मुलाला हे माहीत नाही, बहिणीला माहीत नाही, देवापुढे हात जोडतानाही मी हे कधी तोंडातून काढलं नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा सजवून लिहिता येत नाही. सरळ लिहायचं ठरवलं होतं — पण बघा, लिहायला बसले आणि तीनदा उठले.

आधी माझ्या कामाचं सांगते. आर्वीकडच्या आमच्या गावात मी डोळ्यातलं कुसळ काढणारी बाई. जिभेनं काढायचे. पापणी दोन बोटांनी उलटायची, जिभेचं टोक बुबुळावरून अलगद फिरवायचं, कण जिभेवर येतो. आईनं शिकवलं. तिची एकच सक्ती होती — आधी मिठाच्या पाण्याच्या तीन चुळा. त्याशिवाय कोणाच्या डोळ्याजवळ तोंड न्यायचं नाही. मळणीच्या दिवसांत आमच्या ओट्यावर माणसं येऊन बसायची. मी कोणाकडून काही घेतलं नाही. मान मिळायचा, तो मात्र घेतला.

आणि मी खर्रा खायचे. सुपारी, तंबाखू, चुना घोटून करतात तो. नवरा तोंडाच्या रोगानं गेला तेव्हा मुलानं मला तो सोडायला लावला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, सुटला. सुटला नव्हता. दिवसातून दोनदा गोठ्यामागे जायचे.

सोयाबीनची मळणी चालू होती. संगीता, माझी सून, लग्नाला दीडच वर्ष झालेलं. मशीनसमोर पोतं धरून उभी होती. फोलपट उडालं, डोळ्यात गेलं. डोळा दाबून धरत ती माझ्याकडे पळत आली. मी तेवढ्यात गोठ्यामागून निघाले होते — गालात खर्रा. मुलगा दहा पावलांवर. चूळ भरली असती तर लाल पाणी त्याच्यासमोर पडलं असतं. मी काय केलं? पाठ वळवून खर्रा मातीत थुंकले, पदरानं ओठ पुसले आणि तिच्या डोळ्याला जीभ लावली.

कण पहिल्याच फेरीत निघाला. मला अभिमानही वाटला. तेही लपवत नाही.

तिसऱ्या दिवशी डोळा सुजला, पू आला. वर्धेला नेलं. डॉक्टर तरुण होता. त्यानं नेमकंच विचारलं — डोळ्यात दूध, मध, पाल्याचा रस घातला का, कोणी तोंड लावलं का? संगीता उत्तर देण्याआधी मी दिलं.

"काई नाई जी. तिनंच चोळला पदरानं."

ती बाजूलाच बसली होती. तिचा चांगला डोळा माझ्याकडे वळला, मग जमिनीकडे. डॉक्टरनं तेच कागदावर लिहिलं. बाहेर थांबलेल्या मुलाला मी सांगितलं, कण काढल्यावर तिनंच डोळा चोळला. काडीकचऱ्यातून बुरशी गेली असेल म्हणून तसे थेंब दिले. नमुना तपासायला पाठवला होता, त्याचं उत्तर आलं तेव्हा कळलं — बुरशी नव्हेच, माणसाच्या तोंडात असतात तसले जंतू. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे पाहिलं. थेंब बदलले. तोवर बुबुळावर फूल पडलं होतं. त्या पांढऱ्या डागाला आमच्याकडे फूल म्हणतात. असं नाव कोणी ठेवलं असेल?

मी आधीच खरं बोलले असते तर डोळा वाचला असता? तिथेच विचारता आलं असतं. विचारलं नाही.

नऊ वर्षं तिनं एका डोळ्यावर घर चालवलं. चहा ओतताना धार कपाबाहेर जायची. मुलगा चारचौघांत म्हणायचा, "आमच्या बाईसायेब कपात कमी अन् बशीत जास्त ओततात. सोताच्या हातानं डोळा घालवला." लोक हसायचे. मीही हसायचे.

मेलेल्या माणसाच्या डोळ्यासाठी नाव लिहून ठेवलं होतं, नंबर लागेना. मागच्या वर्षी पुलगावाहून गाडीत बसून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात गेलो. तिथे कोलाजेनची चकती बसवून पाहत होते. डॉक्टरीणबाईंनी मला कळेल असं सांगितलं. कातडं, हाडं, बुबुळाची काच — हे सगळं ज्याच्यामुळे धरून राहतं ते कोलाजेन. डुकराच्या कातड्यातून काढतात, पुन्हा पुन्हा धुतात, जनावराचा आणि जंतूंचा मागही राहू देत नाहीत. मग काचेसारखी पातळ चकती करतात. डाग पडलेला थर काढून ती बसवली की डोळ्याच्या स्वतःच्या पेशी तिच्यावर हळूहळू पसरतात. डुकराचं म्हणून काही हरकत आहे का, असं त्यांनी विचारलं. मुलगा माझ्याकडे पाहू लागला. घरात मोठी मी.

मी म्हणाले, नाही. पण मनात दुसरंच आलं. डुकराचं कातडं इतक्यांदा धुतात — आणि माझ्याकडून तीन चुळा झाल्या नाहीत?

मग बाईंनी विचारलं, हे सुरू कसं झालं, नीट आठवून सांगा, औषध ठरवायला उपयोग होईल. मी पुन्हा तेच सांगितलं. पदरानं चोळला. पहिल्यांदा बोलले तेव्हा भ्याले होते. या वेळी भ्यालेही नव्हते, सवय झाली होती. यातलं वाईट कोणतं? मला ठरवता येत नाही. रात्र-दिवस तेच घोळतं.

चकती बसली. फूल गेलं. नजर पूर्ण आली नाही, पण आता ती सुई ओवते. चहा कपातच पडतो.

गेल्या महिन्यात अंगणात तूर पाखडत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. सूप खाली ठेवून माझ्याजवळ आली, तोंड वर केलं. म्हणाली, डोळ्यात काही गेलं का बघा. डोळा तोच. मी वाकणार — गालात खर्रा होता.

"तोंड धुऊन या, आई. मंग पाहा."

आवाज चढवला नाही. मीठ मागावं तसं बोलली. म्हणजे खर्र्याचा वास तिला त्या मळणीच्या दिवशीच आला होता. दवाखान्यात माझ्याकडे पाहिलं तेव्हाही तिला माहीत होतं. मुलाचे टोमणे ऐकताना, बशीतला चहा पुसताना — सगळी वर्षं.

मी नळावर गेले. तीन चुळा भरल्या. लाल पाणी तिच्यासमोरून वाहत तुळशीपर्यंत गेलं. हात धुतले, परत आले, बोटांनीच पापणी उलटली.

डोळ्यात काहीच नव्हतं. मी तेवढंच सांगितलं. बाकीचं तेव्हाही बोलले नाही.