सोमवारी केलेले चीजचे बटाटे

तालमीतल्या मित्रांनो, फळ्यावर आज कुस्तीची बातमी नाही. घरी मी काय घोळ घातला ते लिहितोय. वाचा आणि हव्या तर शिव्या घाला.

दोन वर्षं पणजीच्या एका हॉटेलात कामाला आहे. तिथं बटाटा भाजून, पोखरून, आत चीज भरून परत भाजतात. एकदा आईला करून घालायचा, असं मनात होतं. परवा घरी आलो ते चीजचा डबा घेऊनच.

दिवाळीत नानकटाई भाजायला नेतो, तसे आज बटाटे घेऊन रहीमचाचांच्या बेकरीत गेलो. चाचा म्हणाले, "आज सोमवार हाय. आईला इचारलंस न्हवं?" मी पणजीच्या गप्पा मारण्यात गुंग. चीजबरोबर कांदा, मिरची ठासून भरली आणि वरनं लाल होईस्तोवर भाजले.

घरी आईपुढं ताट ठेवलं. तिनं वास घेतला, हसली.

"झकास झाल्यात की! पर कांदा घातलास व्हय रं? मला उपास हाय."

"कवापासनं सोमवार धराय लागलीस?"

"तू न सांगता गेलास, तवापासनं."

मी म्हटलं, "आता आलोय न्हवं? सोड की उपास."

"मग ऱ्हातोस व्हय?"

मी बटाट्यांतला कांदा वेचून काढायला लागलो. उद्या सकाळी गगनबावड्याच्या गाडीनं परत पणजीला निघायचं ठरवलंय. तुम्हाला सांगून टाकलं. तिला कसं सांगू?