मेंग आजोबांच्या सकाळच्या पुड्या

जेचॉनच्या बाजारात प्यो ओक-हुई बाईंचं औषधांचं दुकान कुठे, असं कुणी विचारलं तर लोक सांगायचे, "जिथून ओरडण्याचा आवाज येतो, तिथे." बाई एकसष्ट वर्षांच्या. एकतीस वर्षं त्याच काउंटरमागे उभ्या. औषध कसं घ्यायचं ते गिऱ्हाइकानं उलट म्हणून दाखवल्याशिवाय त्या पिशवी हातातून सोडत नसत. "कळलं कळलं" म्हणून निघणाऱ्याला हाक मारून परत बोलवत. "काय कळलं? मला सांगा की!" म्हातारी माणसं कुरकुरायची, पण जायची तिथेच.

डॉक्टरांची चिठ्ठी आली की एकेका वेळेच्या गोळ्या एकेका कागदी पुडीत भरायच्या आणि पुडीवर सकाळ, दुपार, रात्र असं छापायचं, हे काम पूर्वी बाई हातानं करत. मग मशीन आलं. मशीन चालवायचा प्रोग्रॅम देजॉनच्या एका छोट्या कंपनीचा होता. सुरुवातीला मालक बे चोल-ग्यू स्वतः यायचा. गुडघ्यावर बसून वायरी लावायचा, बाईंच्या हातचं भाताचं सरबत प्यायचा आणि म्हणायचा, "ताई, मध्यरात्री फोन केलात तरी उचलीन."

पुढे कंपनीची गिऱ्हाइकं वाढली आणि बे साहेबांनी फोन उचलणं बंद केलं. दर दोन-तीन आठवड्यांनी सोमवारी सकाळी नवी आवृत्ती आपोआप उतरायची आणि काहीतरी मोडायचं. एकदा पुड्यांवर गिऱ्हाइकांच्या तीन अक्षरी नावातलं शेवटचं अक्षर गायब झालं. एकदा ऐन बाजाराच्या दिवशी मशीन दोन तास थंड पडलं आणि रांग पार मासळीवाल्यांपर्यंत गेली. फोन केला की आधी पाच मिनिटं पियानो वाजायचा, मग कुणा दमलेल्या बाईचा आवाज म्हणायचा, "बंद करून पुन्हा चालू करून पाहता का?"

"बाई, मी एकतीस वर्षं दुकान चालवतेय. चालू-बंद करणं मला येतं!"

ऑक्टोबरात मेंग दाल-सू आजोबा मिरच्या वाळत घालताना अंगणात कोसळले. मनगट मोडलं, कपाळाला सहा टाके पडले. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको उरलेल्या पुड्यांची माळ घेऊन दुकानात आली.

"यांना सकाळी औषध घेतलं की झापड येते हो. आधी असं नव्हतं. जरा बघता?"

बाईंनी चष्मा लावला. पुडीवर छापलं होतं 'सकाळ', आणि आत होती झोपेची गोळी. रात्रीच्या पुडीत सकाळची. दिवसातून दोनदाच औषध घेणाऱ्यांसाठी नव्या आवृत्तीनं वेळांची अदलाबदल केली होती. गोळ्या त्यांनी स्वतः मोजल्या होत्या. वरचा छापा मात्र डोळ्यांखालून नुसता घातला होता. इतक्या वर्षांत तो कधी चुकला नव्हता ना!

त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि नवी आवृत्ती उतरली त्या सोमवारपासून दोन वेळांचं औषध नेलेल्यांची यादी काढली. त्रेचाळीस माणसं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना फोन झाले. ज्यांनी उचलले नाहीत त्यांच्या दारात बाई स्वतः जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी कंपनीला फोन लावला.

"अशी तक्रार फक्त तुमच्याकडूनच आली आहे," तो दमलेला आवाज म्हणाला. "तुमच्या सेटिंगमध्ये काही बदल केला होता का?"

"माणूस पडलाय माझा! सेटिंग कसली विचारता?"

"नोंद घेतली आहे, मॅडम."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाइलवर निरोप आला: आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी दुकानाच्या दाराला कुलूप घातलं, पुड्यांची माळ पर्समध्ये टाकली आणि देजॉनची गाडी पकडली.

कंपनी तळलेल्या कोंबडीच्या दुकानावर, चौथ्या मजल्यावर होती. आत सात-आठ टेबलं, त्यातली निम्मी रिकामी. दारापाशी कानाला फोन लावून चाळिशीची एक बाई बसली होती. "बंद करून पुन्हा चालू करून…" एवढं तिच्या तोंडून निघालं आणि ओक-हुईंनी आवाज ओळखला. तिच्या गळ्यातल्या पट्टीवर नाव होतं नाम मि-र्योंग. ओक-हुईंनी माळ तिच्यासमोर टाकली.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

मि-र्योंगनं वाचलं. मग पुडीतली गोळी पाहिली आणि तिचा चेहरा पडला. तिनं खणातून एक कागद काढून पुढे सरकवला. त्यावर पाच गावं होती, पाच औषधवाल्यांची नावं होती, आणि तक्रार एकच. सगळ्यात जुनी तारीख आजोबा पडले त्याच्या दोन दिवस आधीची.

"मी रोज वर कळवत होते. मला सांगितलं होतं, प्रत्येकाला हेच सांगायचं, की तक्रार फक्त तुमचीच आहे."

तेवढ्यात बे साहेब आतल्या खोलीतून हसत बाहेर आले. "अहो ताई! इतक्या लांब? कॉफी घेणार?"

"दोन दिवस आधी तुम्हाला ठाऊक होतं," ओक-हुई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, आणि त्यांना ओळखणारं कुणी तिथे असतं तर ते त्यालाच घाबरलं असतं. "दोन दिवस! एक फोन केला असतात तर तो म्हातारा पडला नसता."

"दुरुस्ती चालू आहे, ताई. वसंतात तपासणीचा माणूस कमी करावा लागला, त्यामुळे जरा… वकिलाशी बोलून उद्या-परवा सूचना काढतोच."

"उद्या-परवा? आज रात्री किती जण सकाळची गोळी घेणार आहेत, मोजलंत? तुमच्या सगळ्या दुकानांचे नंबर द्या."

"ती आमची आतली माहिती आहे."

"मग ती माहिती तुम्हीच वापरा. आत्ता. मी इथे बसलेय."

त्या खरंच बसल्या, वाटेतल्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन. बे साहेब कधी खिडकीकडे तर कधी घड्याळाकडे बघत राहिले. शेवटी मि-र्योंगनंच फोन उचलला. "साहेब, मी लावतेय. काढायचं तर काढा कामावरून." तिनं पहिल्या दुकानाला सांगितलं, "दोन वेळांच्या पुड्या थांबवा, छापा उलटा येतोय. चूक आमची आहे." मागच्या टेबलावरच्या दोघांनीही यादी वाटून घेतली. काळोख पडेपर्यंत दोनशे वीस दुकानांना फोन झाले. अकरा जणांनी सांगितलं, आमच्याकडेही कुणीतरी पडलंय, किंवा दिवसभर झोपून आहे.

दुरुस्ती नऊ दिवसांनी आली. सोबतच्या सूचनेत लिहिलं होतं: छपाईत किरकोळ सुधारणा. त्या सुधारणेनं पुड्यांवरची तारीख उडाली.

आरोग्य खात्याकडे बाईंनी स्वतःच तक्रार केली. खात्यानं कंपनीला ताकीद दिली आणि बाईंनाही दिली, कारण पुडी शेवटी तपासायची ती औषधवाल्यानं. बाईंनी निमूट सही केली. आजोबांच्या घरी जाऊन त्या जमिनीवर डोकं टेकवून बसल्या. आजोबा प्लास्टरमधला हात हलवत म्हणाले, "अगं पोरी, ऊठ. तू ओरडत नाहीस तेव्हा मला जास्त भीती वाटते." बाईंना हसू आलं नाही. मनगट वाकडंच जुळलं, आणि आजोबा डाव्या हातानं चॉपस्टिक धरायला शिकले.

बाईंनी ते मशीन विकलं आणि दुसऱ्या कंपनीचं घेतलं. आता प्रत्येक पुडी त्या उजेडासमोर धरून छाप्यासकट वाचतात. वेळ लागतो. रांग कुरकुरते.

मार्चमध्ये औषधवाल्यांच्या जिल्हा सभेत बे साहेब आले होते. पडद्यावर चित्रं दाखवत म्हणाले, "त्या घटनेतून आम्ही खूप शिकलो." लोक टाळ्या वाजवणार इतक्यात मागच्या रांगेतून ओक-हुई उठल्या.

"कोण पडलं होतं, साहेब? नाव सांगा."

बे साहेबांनी कागद चाळले.

"मेंग दाल-सू," बाई म्हणाल्या. "वय एकोणऐंशी. लिहून घ्या. मी थांबते."

आणि बे साहेबांनी खिशातून पेन काढेपर्यंत त्या उभ्याच राहिल्या.