आक्काच्या रानातलं पाचट

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, नव्वदीचं दशक सरत आलेलं असताना, हातकणंगले तालुक्यातल्या एका गावात, माझ्या थोरल्या बहिणीने आपल्या उसाच्या रानातला पाला न जाळण्याचा निर्णय घेतला. हे वाचून आपण जागचे हलला नसाल, तर आपण आमच्या भागातले नाही एवढंच मी म्हणेन.

आमच्याकडं ऊस तुटून कारखान्याला गेला, की मागं राहिलेल्या वाळक्या पाल्याला, म्हणजे पाचटाला, काडी लावायची रीत. संध्याकाळी रान धडधडून पेटतं, दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर काजळी येऊन बसते, आणि सकाळी ते काळंभोर मोकळं रान बघून मालकाला अंगण झाडल्याचं समाधान मिळतं. पाचट तसंच ठेवणारं घर म्हणजे आळशी घर.

आक्काचं कारण मात्र रोखठोक होतं. तिची विहीर उन्हाळ्याच्या तोंडालाच तळ दाखवायची, आणि तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेला खोडवा दरवर्षी करपून जायचा. यंदाही करपला तर ऊस मोडून टाकायचा, असं घरात ठरलं होतं. तेवढ्यात शेतकी खात्याच्या साहेबांनी गावात सभा घेतली. पाचट जाळू नका, सऱ्यांत पसरा, ओल टिकेल, असं त्यांनी सांगितलं. जो करून दाखवील त्याला खातं खत आणि पाचट कुजवायचे जिवाणू देणार होतं. शिवाय पुढच्या पाहणीला पाचट जागेवर दिसलं, तर अनुदानाच्या ठिबक सिंचनासाठी त्याचं नाव वर जाणार होतं. सभेतल्या समस्त मिशांनी माना डोलावल्या. हात वर केला तो एकट्या आक्कानं.

बांधापलीकडं तिच्या चुलत दिराचं रान. हा गृहस्थ रोज बांधावर येऊन आरोळी ठोकायचा, "वैनी, काडेपेटी संपली असंल तर देऊ का?"

"ठेवा तुमच्याजवळच, भावजी. तुमाला चूल पेटवायला लागंल. जाऊबाई म्हायेरला गेल्यात न्हवं?"

पाहणीच्या आधी दोन दिवस त्यानं स्वतःचं रान पेटवलं. वारा आमच्याकडं. आक्का ओलं पोतं घेऊन बांधावर उभी राहिली आणि उडून येणारी एकेक ठिणगी बडवत राहिली. मी तिच्याकडं पाहुणा म्हणून गेलेलो. दुसरं पोतं अर्थातच माझ्या हातात. माझ्या भुवया त्या दिवशी ज्या गेल्या, त्या महिनाभर परत आल्या नाहीत.

पाचट वाचलं. आक्का म्हणाली, "उद्या आईतवार हाय. चल, जोतिबाला जाऊन येऊ. सोमवारी सायेब येणार."

आम्ही गुलाल-खोबरं उधळून, कपाळं रंगवून दुपार कलताना परतलो आणि रानाच्या कडेला खिळून उभे राहिलो. रान लखलखीत झाडलेलं! एका टोकाच्या दोन-तीन सऱ्या सोडल्या, तर पाचटाचं पातं दिसत नव्हतं. सगळा पाला बांधाला, घराएवढा ढीग करून रचलेला. ढिगाशेजारी घामानं निथळलेले दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, आणि इचलकरंजीच्या यंत्रमागावरचे त्यांचे तीन सोबती. दाजी तिकडंच राहायचे; साहेब रान बघायला येणार एवढंच ऐकून खास सुट्टी काढून आले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर नवऱ्यानं बायकोसाठी लुगडं आणल्याचा आनंद होता.

"सायबाचं पाय लागणार उद्या रानाला," दाजी म्हणाले. "पावणं यायचं आनि असला पसारा? म्हटलं, झाडून घेऊ. पेटवायचा मान तुझा, म्हणून थांबलोय बग!" आणि काडेपेटी त्यांनी तबकातल्या विड्यासारखी पुढं केली.

आता आक्का रडणार की दाजींना ढिगात गाडणार, एवढाच प्रश्न माझ्यापुढं होता. तिनं काडेपेटी घेतली, कमरेला खोचली आणि पदर बांधला.

"आवो, हाच पसारा बघायला सायेब येणार हाय. होता तसा पसरा."

"समदा?"

"समदा. आनि पावण्यास्नी म्हणावं, जेवान पसरल्यावर."

मागावर दिवसभर सूत जोडणाऱ्या त्या बिचाऱ्यांचे हात पाचटाच्या करवती पात्यांनी सोलून निघाले. अंधार पडेपर्यंत आम्ही कवेत मावेल तेवढं पाचट वाहिलं, सकाळी उजाडताच पुन्हा लागलो. तरी थोडा ढीग उरला होता तेव्हाच जीप आली. साहेब उतरले, मागोमाग गावातले शेतकरी, आणि सर्वांत पुढं, तमाशाला पहिल्या रांगेत बसावं तसा, तो चुलत दीर.

साहेबांनी एक मूठ उचलली. वरचं पाचट कुजून काळं, खालचं कोरडं खडखडीत. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बाई, हे उलटंपालटं झालंय. पाहणीसाठी आज आणून टाकलंय का? असं असेल तर मला नाव पुढं पाठवता येणार नाही."

दाजींनी मान खाली घातली. आक्कानं घातली नाही.

"टाकलंय काल-आजच. काल आमच्या मालकांनी तुमच्या मानासाठी रान झाडलं, ते आमी परत पसरलं. पर त्या कडंच्या सऱ्या झाडायच्या ऱ्हायल्यात. तिथं पाचट पयल्यापास्नं हाय. माजं तोंड नगा बघू, तिथं हात घाला."

साहेब कडेला गेले, गुडघ्यावर बसले आणि पाचटाखाली मनगटापर्यंत हात घातला. हात बाहेर काढला तेव्हा बोटांना चिकटून काळी माती आली, आणि मातीतून एक जाडजूड गांडूळ लोंबत होतं.

"आणखी कोण बघतंय?" साहेबांनी मागं वळून विचारलं.

कुणी पुढं येईना. आक्कानं दिराकडं बोट केलं. "भावजी, या की. रोज बांधावरनं बघता, आज जवळनं बघा."

सगळं गाव बघत असल्यामुळं त्याला यावंच लागलं. त्यानं तोंड वाकडं करत हात घातला आणि तसाच थांबला. मग दुसराही हात घातला. मग वळून पलीकडच्या आपल्या काळ्या, भेगाळलेल्या रानाकडं पाहिलं, आणि साहेब, गाव, अब्रू सगळं विसरून ओरडला:

"आयला वैनी, हितं गारेगार हाय की वो! आनि म्या गाढवानं परवाच पेटवलं की समदं!"