उजवं की डावं

घरात तिचं नाव पडलं होतं ससुली. दार आपटलं तरी दचकायची. थोरला भाऊ म्हणायचा, "हिला हॉस्पिटलात नोकरी लागली, तर पेशंटच हिला धीर देतील." आणि लागलीही तिथेच. नऊ वर्षं तिने एक्स-रे काढले, प्रत्येक फोटो दोनदोनदा तपासून. एकदाही चूक झाली नाही, पण भीतीही गेली नाही.

मग फिल्म धुण्याचे दिवस सरले आणि डिजिटल यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांचं पीक आलं. एका कंपनीने तिला विक्रीला घेतलं. काम जाणणाऱ्या बाईचं डॉक्टर ऐकतात, असा त्यांचा हिशेब. पहिल्या वर्षी दोन यंत्रं खपली, दुसऱ्या वर्षी एकही नाही. साहेब फोनवर म्हणाले, "हे हॉस्पिटल हातचं गेलं, तर पुढचं बोलू." पुढचं काय, ते तिला न सांगताच कळलं.

हॉस्पिटल दोनशे खाटांचं. दुसरी कंपनी स्वस्तात द्यायला टपलेली, म्हणून हिने आठवडाभर वापरून बघायला यंत्र बसवून दिलं. तिथले जुने टेक्निशियन, ज्यांना सगळे काका म्हणत, ते प्रत्येक फोटोच्या वेळी उजवी बाजू दाखवणारं शिशाचं अक्षर प्लेटवर चिकटवायचे.

"काका, आता त्याची गरज नाही. यंत्र आपोआप अक्षर टाकतं."

"आपोआप? मग मीही घरीच जातो की!" काका हसले, पण अक्षर त्यांनी खिशात टाकलं.

पाचव्या दिवशी दुपारी शिडीवरून पडलेला एक रंगारी आणला. धाप इतकी की बोलता येईना. काकांनी झोपवूनच फोटो काढला. चार सेकंदांत चित्र पडद्यावर आलं, उजवं फुफ्फुस हवा गेलेल्या फुग्यासारखं मिटलेलं. स्ट्रेचर तडक वरच्या मजल्यावर गेलं, फोटोही तिथल्या पडद्यावर पोचला.

मॅनेजर शेजारीच उभे होते. "फिल्म असती तर अजून धूतच बसलो असतो," ते खूश होऊन म्हणाले. "सोमवारी खरेदीचे कागद घेऊन या, ताई."

तिला हायसं वाटलं. तरी जुन्या सवयीने तिने फोटो पुन्हा पाहिला, आणि ती पडद्याजवळ वाकली. जठरातली हवा माणसाच्या डाव्या बाजूला दिसायला हवी, ती यंत्राने उजवी म्हणून दाखवलेल्या बाजूला दिसत होती.

"काका, प्लेट कुठे ठेवली होती?"

"पाठीखाली. त्याला उभं कुठून करणार?"

यंत्र मात्र उभ्या माणसासाठी लावलेलं होतं, छाती प्लेटला टेकवून काढायच्या फोटोसाठी. त्याने चित्र उलटवलं होतं आणि अक्षर बेधडक चुकीच्या बाजूला टाकलं होतं. मिटलेलं फुफ्फुस डावं होतं.

वर फोन लावला, कुणी उचलेना. मॅनेजर अजून हसत उभे होते. आता तोंड उघडलं तर नोकरी गेलीच. आणि आपणच चुकत असलो तर? पण वर डॉक्टर छातीत कोंडलेली हवा सोडवायला माणसाच्या एकुलत्या एका धड फुफ्फुसाशेजारी भोक पाडायला निघाले असतील, हे मनात आलं आणि ती पळत सुटली. दोन जिन्यांत तीनदा ठेचकाळली.

रंगाऱ्याचे ओठ निळे पडलेले. उजवी बाजू पुसून झालेली, डॉक्टरांच्या हातात सुरी.

"थांबा! ती बाजू नाही!"

"तुम्ही कोण?"

"मी... मी यंत्र विकते." आवाज चिरकला. "फोटो उलटा आलाय. माझ्याच यंत्राची चूक आहे. डावीकडे ऐकून बघा, हात जोडते!"

डॉक्टर चिडले होते, तरी त्यांनी स्टेथोस्कोप टेकवला. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे.

"डावी," डॉक्टर हळूच म्हणाले. "दुसरे हातमोजे द्या. लवकर!"

ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून खालीच बसली. आतून सुस्स करून हवा सुटल्याचा आवाज आला, मग रंगाऱ्याचा लांब श्वास. त्याची बायको तिथेच उभी होती. तिने पाण्याची बाटली पुढे केली. "तुमचंही कुणी आत आहे का हो?"

ससुलीने बाटली घेतली आणि घटाघट पाणी प्यायली.

सोमवारी कागद झाले नाहीत. हॉस्पिटलने यंत्र दुसऱ्या कंपनीचं घेतलं. तिने घडलं ते सगळं कंपनीला लिहून कळवलं आणि तीन आठवडे फोन वाजला की ती दचकायची. अखेर साहेबांचा फोन आला. विकलेल्या सगळ्या यंत्रांत दुरुस्ती होणार होती, आणि तिला विक्रीतून काढून टेक्निशियनना शिकवायला नेमलं होतं.

"चाळीस जणांसमोर बोलायचं?" ती घाबरून म्हणाली.

"चाळीसच," साहेब म्हणाले. "पुढच्या महिन्यात साठ."

पहिल्या दिवशी तिच्या हातून खडू दोनदा पडला. तो पुन्हा उचलून तिने फळ्यावर एका झोपलेल्या माणसाचं चित्र काढलं आणि त्याच्या पाठीखाली प्लेट दाखवली.