नानांच्या बाजूची बटणं

"दाबीसन देखू द्या, भाऊ." एवढं म्हणून नाना बटणांचा अख्खा डबा माझ्या काउंटरवर उलटा करायचे, आणि माझं डोकं फिरायला सुरुवात व्हायची.

जळगावात माझं इलेक्ट्रॉनिक सामानाचं दुकान आहे. एप्रिलमध्ये कूलरच्या पंपासाठी झुंबड, अंगातून घामाच्या धारा, आणि हे गृहस्थ एकेक बटण कानाशी धरून, डोळे मिटून, टक् टक् दाबून पाहत बसलेले. व्हिडिओ गेमची ती मोठी गोल बटणं, तुम्हीही कधीतरी बडवली असतील. "नाना, एकाच पाकिटातली आहेत हो, सगळी सारखीच!" मी ओरडायचो. "सारखी नसतात," ते शांतपणे म्हणायचे. वैताग नुसता! आणि खरं सांगू का, ती सारखी नसायचीच.

एरंडोलच्या स्टँडजवळ पूर्वी त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. गल्ल्यावर त्यांची बायको बसायची. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो. कुणी फार फुशारकी मारली की अक्का उठायच्या, त्याला हरवायच्या आणि परत गल्ल्यावर जाऊन बसायच्या. दुकान कधीच बंद झालं. मग अक्कांना लकवा झाला, उजवा हात गेला. बोटं हलवत राहा, म्हणून डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला. तो त्यांनी फेकून दिला. तेव्हा नानांनी घरीच प्लायवूडची पेटी केली, दोन्ही बाजूंना चार-चार बटणं बसवली आणि टीव्हीला जोडली. एका बाजूला अक्का, दुसऱ्या बाजूला नाना.

अक्कांच्या बटणांखाली सगळ्यांत हलका स्विच हवा, फुंकर मारली तरी लागला पाहिजे. हे मला समजत होतं. पण स्वतःच्या बाजूला?

"कडक द्या. याहून कडक. ते जुनं अडकणारं आहे ना, ते द्या."

अहो, मी दुकान मांडलंय की भंगार?

एकदा पेटी माझ्याकडे ठेवून ते अक्कांची औषधं आणायला गेले. माझे हात शिवशिवले. त्यांच्या बाजूचे चारही स्विच काढून मी नवेकोरे, मऊ बसवले. म्हातारा खूश होईल! एसटी चुकेल म्हणून ते घाईत पेटी घेऊन निघून गेले, एकही बटण न दाबता.

चौथ्या दिवशी नाना दारात उभे. पहिल्यांदाच आवाज चढलेला.

"काय करून ठेवलं तुम्ही? मी जिंकायला लागलो!"

"मग पेढे द्या की."

"पेढे कसले? दुसऱ्या दिवशी मुद्दाम हरलो, तर तिला लगेच कळलं. पेटी बंद करून उठली. दोन दिवस झाले, बोट लावलं नाही तिनं. मला खरंखुरं हरायला लागतं, भाऊ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भंगाराचा डबा मीच काउंटरवर ओतला आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही बटणं कानाशी धरून बसलो. गिऱ्हाइकं मला वेडा समजली असतील.

पुढे दर दोन-तीन महिन्यांनी नाना येत राहिले. अक्कांचे स्विच थोडे थोडे जड होत गेले. दर वेळी डबा उलटा, दर वेळी माझी चिडचिड. तरी त्यांना चहा मीच मागवायचो.

या उन्हाळ्यात ते फिरकलेच नाहीत. सुटलो बुवा, असं मी मनात म्हटलं. तेवढं म्हणायला नको होतं.

परवा अक्का आल्या, एकट्या, पिशवीत पेटी घेऊन.

"नाना कुठं आहेत?"

"गेले. होळीनंतर."

अक्कांनी पेटी माझ्याकडे सरकवली. "त्यासना बटन मन्ही बाजूले लाई द्या."

"अक्का, ती फार कडक आहेत."

"माले पहिल्या दिवसपासून माहीत व्हतं."

मी अक्कांचे स्विच काढले आणि नानांची चारही बटणं स्विचसकट त्यांच्या बाजूला बसवली. पेटी बांधायला घेतली, तर त्यांनी माझा हात अडवला.

"दाबीसन देखू द्या."

मागून कुणीतरी कूलरच्या पंपासाठी ओरडलं. त्याच्यावर मी असा खेकसलो की सगळं दुकान गप्प झालं. अक्कांनी डोळे मिटले, पेटीवर कान टेकला आणि उजव्या हाताच्या बोटानं चारही बटणं एकेक करून दाबून पाहिली.