दुसऱ्या 'लीव्ह'चं कार्ड

कोशकार म्हणजे माणूस कसा, तर बायकोनं 'चहा थंड होतोय' म्हटलं तरी 'होणे'च्या छटा मोजत बसणारा. आमचे कोशकार त्यातलेच. इंग्रजी शब्दांची मराठी कार्डं करण्यात उभा जन्म गेला त्यांचा. अक्षर मात्र कोंबडीचे पाय! म्हणून प्रत्येक कार्ड बायको हिरव्या शाईत नीट उतरवून काढायची. चुका काढायची ती वेगळीच.

ती जाऊन वर्ष झालं होतं. आज दुपारी मुलगी टेम्पो घेऊन येणार होती, बाबांना कायमचं आपल्याकडे न्यायला. कोशकारांचा पाय काही निघत नव्हता, आणि कारण सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर पोरीनं डॉक्टरच गाठला असता. टेबलावर ठेवलेलं कच्चं कार्ड अजूनही, जरा पाठ वळली की, पक्कं होऊन मिळायचं. तिच्याच अक्षरात.

आज त्यांनी 'लीव्ह' घेतला. 'सोडणे, निघून जाणे,' असं लिहून ते आंघोळीला गेले. परत आले तर खाली एक ओळ वाढलेली. 'मूळ अर्थ : मागे राहणे, राहू देणे.' शाई ओली होती. त्यांनी जाडजूड व्युत्पत्तिकोश उघडला. बाईचं बरोबर होतं. निघून जाण्याचा हा शब्द आधी राहण्याचा होता, पार चिकटून राहण्याचा.

"तू राहिलीयस का गं?" त्यांनी विचारलं.

समोरची रिकामी खुर्ची करकरली.

आणि त्यांना दवाखान्यातली ती संध्याकाळ आठवली. "फार दमलेय हो. जाऊ का आता?" तिनं विचारलं होतं. हे खेकसले होते, "वेड लागलंय का? कुठे जायचं नाही. इथेच राहायचं!" जन्मात कधी यांचं ऐकलं नाही, आणि नेमकं हे ऐकलं होतं बयेनं.

खाली हॉर्न वाजला. "बाबा, आवरलं का?" मुलगी जिन्यातून ओरडली.

कोशात पुढेच दुसरा 'लीव्ह' होता. स्पेलिंग तेच, पण कूळ वेगळं. अर्थ रजा, परवानगी; नातं थेट 'लव्ह'शी, प्रेमाशी. कोशकारांनी त्याचं कार्ड लिहिलं आणि खुर्चीसमोर ठेवलं. निघणाऱ्याला आपण 'ये' म्हणतो, 'जा' म्हणायला जीभ रेटत नाही. पण 'ये' म्हटलं तर ही पुन्हा यायची!

"जा गं," ते म्हणाले. "माझी रजा आहे तुला."

खुर्ची करकरली नाही. खोलीत कुणी नाही, हे त्यांना वर्षभरात पहिल्यांदाच कळलं.

मुलगी आत आली, तेव्हा बाबा ओक्साबोक्शी रडत होते.

"अगं, एका एका शब्दावर दोन दोन दिवस भांडायचीस," ते खुर्चीला म्हणत होते, "आणि आज एवढ्यात ऐकलंस?"