चाकं करणाऱ्याच्या मुलाची गोष्ट

काकू संगीतकाराचं नाव कधीच आधी सांगत नसत. गोष्ट संपेपर्यंत तो नुसता "एक मुलगा" असायचा. मुलं ओरडायची, "काकू, जस्ट टेल अस!" त्यावर त्या शांतपणे म्हणायच्या, "नाव त्याला मोठेपणी मिळालं. आत्ता तो सहा वर्षांचा आहे आणि त्याला भूक लागलीय. तो काय जेवला असेल, ते सांगा आधी."

अमेरिकेत, कॅरी गावातल्या त्यांच्या घरी दर रविवारी सकाळी आठ-दहा मराठी मुलं पियानो शिकायला यायची. आधी हात धुवायचे, मग गोष्ट, मग पियानो, आणि चिवडा अगदी शेवटी, कारण तेलकट बोटं पट्ट्यांना लागलेली त्यांना खपत नसत. काकू मूळच्या सांगलीच्या. चाळिशीनंतर शेजारच्या एका अमेरिकन आजींकडून त्या स्वतः पियानो शिकल्या होत्या. "मी वाजवते साधारणच," त्या म्हणायच्या, "पण सांगते बरं."

मी तेव्हा एम.एस. करत होतो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणीतरी त्यांना सांगितलं, याला मराठी टायपिंग येतं. गोष्टींचं एक छोटं पुस्तक मुलांसाठी करायचं त्यांच्या मनात होतं. माझ्याकडे गाडी नव्हती, म्हणून दर रविवारी त्याच मला घ्यायला येत. पहिल्याच दिवशी गाडीत त्यांनी विचारलं, "वडील काय करतात रे?"

"फर्निचरचा बिझनेस आहे," मी म्हणालो.

माझे वडील सुतार आहेत. बैलगाड्यांची चाकं करतात. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना एकदा हे वाक्य तोंडातून निघून गेलं आणि मग तेच चालू राहिलं. खोटं पकडलं जाईल याची भीती वाटायची. त्याहून जास्त, खरं सांगितल्यावर समोरचा माणूस जो दोन क्षण गप्प होतो, त्याची वाटायची.

काकूंना पुस्तकांतल्या थोर बालकांचा राग होता. "जिकडेतिकडे एकच, जन्मतःच प्रतिभा! मग माझ्या या पोरांनी काय करायचं? चिवडा खाऊन घरी जायचं?" म्हणून काकू अशा थोर मुलांच्या खोड्या शोधून काढत. भावाने कपाटात बंद करून ठेवलेलं संगीत एका मुलाने चांदण्यात बसून उतरवून काढलं, ही गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा रोहन म्हणाला, "व्हाय डिडन्ट ही जस्ट झेरॉक्स इट?" काकू म्हणाल्या, "मशीनही भावाच्याच कपाटात होतं!"

दुसरा एक मुलगा गायकवृंदात होता आणि त्याने पुढच्या मुलाची वेणी कापली, असं सांगतात; तेव्हा तिकडे मुलगेही वेणी घालत. त्याच्या पुढच्या रविवारी रोहन कात्री घेऊन ईशाच्या मागे उभा. काकूंनी कात्री काढून घेतली. "आधी त्याच्यासारखा सुरात गा. वेणीचं मग बघू." ईशाच्या आईचा फोन आला तेव्हा मात्र त्या बराच वेळ "हो गं, चुकलंच माझं" म्हणत होत्या.

या वेणी कापणाऱ्या मुलाचे वडील गाड्यांची चाकं करायचे. त्यांना संगीताची लिपी वाचता येत नव्हती. संध्याकाळी नुसतं ऐकून ऐकून हार्प वाजवायचे. मुलगा जवळ बसून दोन काटक्यांचं व्हायोलिन करायचा. सहा वर्षांचाही नव्हता, तेव्हा त्याला शिकायला दुसऱ्या गावी पाठवलं. काकूंनी हे सगळं वहीत लिहून दिलं होतं. टाइप करताना मी त्यात थोडा बदल केला. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही.

पुढच्या रविवारी काकूंनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "'गाड्यांचे व्यापारी आणि संगीताचे जाणकार'? हे कुठून आणलंस?"

"मुलांना जरा बरं वाटेल म्हणून..."

"मुलांना, की तुला?"

  मी त्यांच्या हातातून कागद परत घेतला आणि म्हणालो, "काकू, फर्निचरचा बिझनेस नाही. माझे बाबा चाकं करतात."

मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा दया दाखवतील. त्या एकदम सरसावून बसल्या. "अरे मग मला चाकातलं ओ की ठो कळत नाही! इतके दिवस मी मुलांना काय वाट्टेल ते सांगतेय. आजची गोष्ट तू सांग."

"मला नाही जमणार."

"मलाही पियानो जमत नव्हता."

मुलं जमल्यावर मी सांगितलं.  आरे, म्हणजे चाकाच्या आतल्या दांड्या, कसे बसवतात, धाव, म्हणजे बाहेरची लोखंडी पट्टी, गोवऱ्यांच्या आगीत लाल करून चाकावर कशी चढवतात, मग पाणी ओतलं की ती आवळून कशी बसते, हे सगळं. मुलं एरवी माझ्याशी फारसं बोलत नसत. ईशाने विचारलं, "हाउ डू यू नो ऑल दिस?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या माझ्या मदतीला आल्या नाहीत.

"माय फादर मेक्स देम," मी म्हणालो.

"नो वे! रिअली?" रोहन उठूनच उभा राहिला. "कॅन वी कॉल हिम?"

तिकडे रात्रीचे साडेआठ झाले असतील. काकूंनी आपला फोन स्पीकरवर लावला. बाबांना आधी काही कळेचना. "काय झालं? बरा आहेस ना?" मी सांगितलं, इथली मुलं चाकाबद्दल ऐकतायत.

"आमच्या चाकाबद्दल? तिकडं?"  मग, "पाण्याचं काय सांगितलंस?"

"धावेवर ओततात म्हणून."

"एका जागी ओतायचं नसतं रे! गोल फिरत फिरत ओतायचं, नाहीतर धाव वाकडी बसते. लहानपणी तूच तांब्या घेऊन फिरायचास, विसरलास? नीट सांग लेकरांना."

मुलांना यातलं निम्मंच समजलं असेल, पण सगळी हसली. काकू वाकून फोनमध्ये म्हणाल्या, "दादा, तुम्हीच सांगा. मी लिहून घेते." आणि खरंच, पेन घेऊन जमिनीवर बसल्या.

त्या उन्हाळ्यात काकांची नोकरी बदलली आणि दोघं दुसऱ्या राज्यात, हर्नडनला राहायला गेली. निघायच्या दिवशी मी सामान चढवायला गेलो होतो. नीट आभार मानायचे, असं ठरवून गेलो होतो, पण नुसती खोकीच उचलत राहिलो. पियानो ट्रकमध्ये चढला तेव्हा काकूच म्हणाल्या, "बाबांना माझा नमस्कार सांग. आणि आता लपवत बसू नकोस हं."

आता मला नोकरी आहे. नवी माणसं भेटतात आणि वडील काय करतात, हे कुणी ना कुणी विचारतंच. सुतार आहेत, चाकं करतात, असं मी सांगतो. सांगण्याआधी अजूनही छातीत जरासं धडधडतं. काकूंनी लपवू नकोस म्हटलं होतं, धडधडू नये असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.